मुख्य कार्यालयाचा पत्ता

संस्थेचे नाव

आईने आम्हा दोघी बहिणींना ठेवलेली लाडाची नावं जोडून ताईने फर्मचं नाव केलं. मला ते नको होतं. ती म्हणाली, "अगं, आपल्याला विग विकायचेत, लपाछपी नाही खेळायची."

मला खेळायचीच होती. पण ते पुढे.

उपचारांत ज्यांचे केस जातात त्यांच्यासाठी आम्ही विग करतो. लाकडी डोक्यावर जाळी ताणायची, आकडीच्या सुईने एकेक केस ओढायचा, गाठ मारायची, पुढचा केस. परदेशातल्या एका पुरवठादाराला आमचं काम पसंत पडलं, पण त्याने आधी कोड मागितला. वीस अक्षरं-आकडे, फर्मची जगभर चालणारी ओळख. तो नसेल तर त्यांची बँक आम्हाला दारात उभं करणार नव्हती.

कोड काढून देणाऱ्याला आम्ही कोडवाला म्हणतो. झेरॉक्सच्या दुकानावर त्याची खोली आहे. अर्ज भरताना त्याने विचारलं, "पालक संस्था? म्हणजे तुमच्यावर कुणी आहे का?"

"माझ्यावर कोण असणार?" ताई म्हणाली. "मी लग्नच केलं नाही."

तो बिचारा हसावं की टाइप करावं या पेचात पडला. मग त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. "हे बघा. आता जगात कुणीही, कुठूनही तुम्हाला शोधू शकतं. फुकट! लॉगिनसुद्धा लागत नाही."

ताईने कौतुकाने मान हलवली. मी पत्त्याचा रकाना शोधू लागले.

नोंदणीचा पत्ता

वकीलबाईंचं ऑफिस.

का, ते सांगते. मी नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा माझी लेक चिमणी अंगावर पीत होती. त्यानंतर त्याने आम्हाला दोनदा शोधून काढलं. पहिल्यांदा दारात बसून रडला. दुसऱ्यांदा माझा हात मोडला आणि चिमणीला उचलून जिन्यापर्यंत नेलं. शेजारचे आडवे आले म्हणून ती माझ्याकडे आहे. जाताना तो शर्ट नीट खोचत म्हणाला, "तू राहा कुठेही. पोरगी माझी आहे."

कोर्टाने त्याला आमच्यापासून लांब राहायला सांगितलंय. कोर्टाला वाटतं, सांगितलं की झालं.

अर्जात पत्त्याचे दोन रकाने होते. एक नोंदणीचा, दुसरा जिथे काम चालतं तिथला. दोन्हींत मी वकीलबाईंचंच ऑफिस लिहिलं. पुढे एकदा तो तिथे पोचलाच. फर्मचं नाव घेतलं, माझ्या बायकोची आहे म्हणाला. वकीलबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "इथे फक्त टपाल येतं. तुम्ही टपाल आहात का?"

तो हसून निघून गेला.

म्हणजे नाव त्याला सापडलं होतं. पत्त्याने आम्हाला वाचवलं.

मुख्य कार्यालयाचा पत्ता

इथे मी जे लिहिलं होतं ते ताईने बदललं.

कोड दरवर्षी ताजा करावा लागतो. फर्म आहे का, तिथेच आहे का, वर कुणी मालक आलाय का, सगळं पुन्हा खरं म्हणून सांगायचं. यंदा तपासणाऱ्यांनी अर्ज परत पाठवला. मुख्य कार्यालयाचा पुरावा जुळत नाही. मी चिमणीच्या शाळेत गेले होते. ताई एकटी होती, आणि ताई म्हणजे उलटा बसलेला एक केस दिसला तर अख्खी ओळ उसवणारी बाई. तिने विजेचं बिल जोडलं. पत्ता लिहिला. नुसता लिहिला नाही, कुरियरवाल्यांना फोनवर सांगते तसा लिहिला. इमारत, गल्ली, जिन्याखालून आत, मागचं दार.

मी आले तर चहा तयार होता.

"झालं गं बाई एकदाचं! हिरवं झालं बघ."

"काय हिरवं?"

"कोड. चूक होती त्यात, मी दुरुस्त केली. तुझं आपलं सगळं अर्धवट."

मी फोन काढला. आमचं नाव टाकलं. पान उघडायला वेळ लागला नाही.

"ताई."

"काय?"

"ताई, हे कुणालाही दिसतं."

"मग? दिसायलाच हवं ना, त्यासाठी तर" एवढं बोलून ती थांबली. कप बशीवर ठेवायला गेली तर तो बशीच्या बाहेर ठेवला. चहा टेबलावरून लाकडी डोक्यांच्या बुडाशी गेला आणि आम्ही दोघींनी तो पुसला नाही.

नोंदीची स्थिती

"बदलता येईल की," कोडवाला म्हणाला. "वकीलबाईंकडे खरंच काम चालत असेल तर."

"तिथे नाही चालत."

"मग तपासणीत परत येणार. आणि बदललं तरी आधीचं पुसलं जात नाही. आधी काय होतं, कधी बदललं, सगळं राहतं."

"कोडच ताजा करायचा नाही असं ठरवलं तर?"

"मग 'मुदत संपली' असं दिसेल."

"पत्त्यासकट?"

"पत्त्यासकट."

"आणि फर्म बंद केली?"

"'निष्क्रिय' दिसेल." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "पत्त्यासकट. बाई, हे केलंय कशासाठी? समोरचा खरंच आहे का, कुठे आहे, ते कुणालाही कळावं म्हणून. भरवसा वाटावा म्हणून."

"कुणाला?"



संपर्क

दुपारी फर्मचा फोन वाजला. अनोळखी आवाज, पोरगेलासा.

"केस विकत घेता ना तुम्ही? लांब आहेत. बायकोचे आहेत."

"घेतो. फोटो पाठवा."

"घेऊनच येतो ना. ते जिन्याखालून आत यायचं, मागच्या दाराने, बरोबर?"

केस विकणाऱ्यांना आम्ही पत्ता देत नाही. ते पोस्टाने पाठवतात. कुरियरवाले सोडून हे दार कुणाला माहीत नाही.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

मागे कुणीतरी काहीतरी बोललं. हळू. शब्द कळले नाहीत. बोलण्याची चाल ओळखली, नवऱ्याचीच.

फोन बंद.

ताईने माझं बोलणं ऐकलं होतं. तिने चिमणीचं दप्तर उचललं, त्यात दोन फ्रॉक कोंबले, पट्टा लावला. पोरीला वाटलं सहल आहे. वकीलबाईंची बहीण दुसऱ्या गावात राहते, चिमणीला तिथे त्याच पोचवणार होत्या. कोणत्या, ते मी विचारलं नाही. मला माहीत नसलं म्हणजे माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही.

"आई, तू?"

"येते मागून."

मी खोटं बोलले, हे तिला कळलं. तिने माझं बोट धरून ठेवलं. मी ते सोडवून घेतलं.

प्रत्यक्ष पडताळणी

तो आला तेव्हा मी पडद्यामागे होते. तिथे केस धुतो, टब असतो. टबाच्या काठाला धरून मी खाली बसले. दार ताईने उघडलं. साखळी लावून, फटीएवढंच.

"नमस्कार ताई. बऱ्याच दिवसांनी."

"तुला कोर्टाने काय सांगितलंय?"

"मी तिला भेटायला आलोच नाही. फर्म बघायला आलो. उघड माहिती आहे ती." शांत आवाज. माझा हात मोडला त्या दिवशी होता तसाच. "छान लिहिलंय तुम्ही. जिन्याखालून. अजिबात चुकलो नाही."

ताईच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता.

"पोरगी कुठाय?"

"नाही इथे."

"शाळेत?"

"नाही म्हटलं ना!"

साखळी एकदा ताणली गेली. दाराचं लाकूड कुरकुरलं. माझ्या हातून टबाचा काठ सुटला, मी तो पुन्हा धरला. पाण्यात केस तरंगत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. दुसरीकडे कुठे बघितलं असतं तर ओरडले असते.

मग साखळी सैल पडली.

"राहू दे. मला घाई नाही. तुम्हाला दरवर्षी खरं लिहावं लागतं ना? मी वाचलंय ते. जागा बदललीत तरी नवी लिहालच. तुम्ही दोघी जिथे, तिथे आज ना उद्या ती."

पावलं. जिन्याखालून. गल्लीत. मग बाकीच्या आवाजांत मिसळून गेली. मला वाटलं मिसळली. अजूनही पूर्ण मिसळली असतील असं वाटत नाही.

ताई दारापाशीच बसली. "माझ्यामुळे," ती म्हणाली. मी तिचं तोंड हाताने बंद केलं. रागाने की मायेने, मला सांगता येणार नाही.

पुढील नूतनीकरण

वकीलबाईंनी तक्रार केली. पोलीस येऊन साखळी बघून गेले. चांगली आहे म्हणाले.

ताई म्हणाली, चल, आपण जाऊ चिमणीकडे. निदान तू जा. मी रात्रंदिवस तेच घोकत होते. पण मी गेले तर काम जाईल, काम गेलं तर दुसरीकडे नवं काम, नवा पत्ता, आणि तो माझ्या मागे मागे तिच्यापर्यंत. मी इथे आहे तोवर तो इथे बघतो. गल्लीच्या तोंडाशी कधी कधी उभा दिसतो, लांबूनच, कायद्याने जितकं लांब असायला हवं तितकं. तो दिसला की मला थंडी भरते. दिसला नाही की त्याहून वाईट. मग तो कुठे आहे?

चिमणी फोनवर बोलते. मी वकीलबाईंच्या ऑफिसात जाऊन, त्यांच्या फोनवरून लावते. पुढचा दात पडला म्हणाली. मी पाहिला नाही.

वर्ष भरलं तसा कोडवाल्याचा निरोप आला. मी एकटीच गेले. त्याने पान उघडलं, एकेक रकाना वाचत खाली आला. नाव तेच. वर कुणी नाही. खाली कुणी नाही.

मुख्य कार्यालयापाशी तो अडखळला. "हा... हा बदलायचाय का? जागा बदलली असेल तर..."

"नाही."

"तोच ठेवू?"

"तोच," मी म्हटलं. "आणि नीट बघा, एकही शब्द गाळू नका."