निवटीवीराची ओली कातडी

सुज्ञ वाचकहो, एका मानवाने मत्स्याची शक्ती धारण करण्याचा जो प्रयत्न केला, त्या शक्तीमागील खरे विज्ञान कोणते, आणि त्या विज्ञानाने सदर मानवाची रोहे मुक्कामी काय अवस्था केली, याचे यथाशक्ती निवेदन प्रस्तुत कथेत होणार आहे. ज्यांना निवटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी प्रारंभीच नमूद करतो की, निवटी म्हणजे धरमतरच्या खाडीत चिखलावर राहणारा, बोटभर लांबीचा, डोक्याच्या माथ्यावर डोळे असलेला मासा होय. ओहोटी लागली की इतर मासे पाण्याबरोबर निघून जातात. हा मात्र चिखलावर बसून राहतो, जणू त्याला कोणी राखणीस ठेवले आहे. आमच्याकडे त्याचे कालवण करतात.

सन १९९८ च्या माघी गणेशोत्सवात रोह्याच्या एका मंडळाने नाट्यस्पर्धा जाहीर केली. मंडळाचे अध्यक्ष हैबतराव हे भात व वाल पिकविणारे सधन शेतकरी. त्यांच्या गावातील मुले दूरचित्रवाणीवरील महाबली पाहून माळ्यावरून उड्या घेऊ लागली होती. सबब त्यांनी अट घातली की, नाटकात महाबली असावा, त्याची शक्ती एखाद्या प्राण्यापासून आलेली असावी, आणि त्या शक्तीचे खरे विज्ञान रंगमंचावरून सांगितले जावे.

आमचे गाव कासू स्टेशनापासून खाडीच्या अंगाला. गावाचा धंदा मिठागरांचा. गावातील श्रेष्ठ नट हिरामण हे मिठागरावर मुकादम होते. गेल्या वर्षी रोह्यातच राजाची भूमिका करताना त्यांची मिशी सुटून प्रधानाच्या खांद्यावर पडली, आणि प्रधानाने ती झुरळ समजून झटकली. रोहेकर असे हसले की हिरामणभाऊंच्या पत्नी मैनावहिनी यांना वर्षभर रोह्याच्या बाजारात तोंड दाखविणे कठीण झाले. त्यांनी निर्वाणीचे सांगून टाकले, “यंदा का रोहेकर हसले, तर तुमची रंगाची पेटी धरमतरला नेऊन बुडवीन. मंग तुमी नि तुमचा मीठ.”

मैनावहिनी बोललेले करतात, हे सर्व गावास ठाऊक होते. हिरामणभाऊंना नाटकाव्यतिरिक्त जगात दुसरा आनंद नव्हता. यावरून प्रसंगाचे गांभीर्य ध्यानी यावे.

वाघ, गरुड आदी प्राणी इतर गावांनी अगोदरच अडविले होते. तेव्हा मी, जो सदर नाटकाचा लेखक व सूत्रधार होतो, निवटीचे नाव सुचविले. ज्याला आपण कांद्याबरोबर खातो त्याच्यापाशी कसली शक्ती, असा आक्षेप आमच्या नाटकमंडळीतील काळुराम यांनी घेतला. म्हणून विज्ञान समजून घेण्यासाठी आम्ही पेणला विज्ञान शिकविणाऱ्या वैशालीबाईंच्या घरी गेलो. मैनावहिनीही आल्या, कारण त्यांचा आमच्यापैकी कोणावरच विश्वास नव्हता.

बाईंनी सांगितले की निवटी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते, आणि शिवाय ओल्या कातडीतून व तोंडाच्या ओल्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. पुढचे पर हातांसारखे टेकून चालते, शेपटी वाकवून उडी घेते, आणि डोळे कोरडे पडू लागले की ते खोबणीत खाली ओढून भिजविते. मात्र हे सर्व कातडी ओली आहे तोवरच. कातडी सुकली की संपले.

असाच माणूस का होऊ शकत नाही, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, लहान तपेलीतला भात लवकर थंड होतो, पंगतीच्या हंड्यातला होत नाही. कारण लहान वस्तूस तिच्या पोटाच्या मानाने पृष्ठभाग पुष्कळ असतो. निवटीच्या एवढ्याशा देहाला तिची कातडी बऱ्याच अंशी पुरते. हिरामणभाऊंच्या देहाला त्यांची कातडी श्वासासाठी मुळीच पुरणार नाही. भाऊंनी नकळत पोट आत घेतले. अर्थात खरा निवटीवीर बोटभरच राहिला असता, आणि जगाचे रक्षण करण्यापूर्वीच कोणाच्या तरी तव्यावर गेला असता.

नर निवटी मादीस भुलविण्यासाठी चिखलात उंच उंच उड्या मारतो आणि मादी बहुधा लक्ष देत नाही, हेही बाईंनी सांगितले. त्यावर मैनावहिनी उद्गारल्या, “आमच्यात पन तसाच हाय.”

परतताना आमच्या मनात एकच वाक्य घोळत होते, की कातडी ओली हवी. निवटी ओली कशाने राहते? चिखलाने. तर निवटीवीरासही चिखल फासावा, असे एकमताने ठरले. खाडीच्या चिखलात शिंपले असतात व ते अंगाला बोचतात. म्हणून काळुराम यांनी मिठागराच्या खणातला, लोण्यासारखा मऊ चिखल दोन पोत्यांत भरला. कासूला गाडीत चढताना एका उतारूने पोत्यात काय आहे असे पुसले असता काळुराम यांनी खरे ते सांगितले. त्या गृहस्थाने जागा बदलली.

रोह्यास मंडप भरगच्च होता. आरंभी मी वरील सर्व विज्ञान सांगितले, तेव्हा परीक्षक म्हणून आलेले प्राध्यापक मान डोलवीत होते. तदनंतर शोषकासुर प्रवेशला. ही भूमिका पुंडलिक करीत होते, आणि जगातला सर्व ओलावा शोषून घ्यावा हे त्या असुराचे ध्येय होते. मग नखशिखांत चिखलाने माखलेले हिरामणभाऊ कोपरांवर सरपटत आले, आणि टाळ्या पडल्या. मी मैनावहिनींकडे पाहिले. त्या बायकांच्या रांगेत ताठ बसल्या होत्या.

रंगमंचावर चारही बाजूंनी हॅलोजनचे दिवे होते. शोषकासुराचे भाषण मी थोडे विस्ताराने लिहिले होते. ते चालू असता निवटीवीर हळूहळू पांढरा पडू लागला. प्रथम खांदे, मग पाठ, मग भुवया. मला वाटले, दिव्यांचा प्रकाश असेल. मग त्यांच्या कोपरावर कण चमकले आणि ते कशाचे हे मी ओळखले. पिढ्यानपिढ्या आम्ही खारे पाणी उन्हात आटवून मीठ पिकवितो, आणि तेच खारे पाणी भरलेला चिखल आम्ही आमच्या नायकास फासून त्याला दिव्यांखाली ठेवले होते. हिरामणभाऊंच्या अंगावर मीठ पिकत होते.

“तुझी कातडी सुकवीन,” असुर गरजला. ती सुकलीच होती. आता निवटीवीराने झेप घेऊन असुरास लोळवायचे होते. परंतु चिखल विटेसारखा कडक झाला होता, भेगांतून मीठ झोंबत होते आणि डोळे मिटले ते उघडत नव्हते. पुंडलिक यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले, आणि मग पुन्हा. शेवटी ते वाकून कुजबुजले, पण ध्वनिक्षेपक जवळच असल्याने सर्व मंडपाने ऐकले, “हिरामन, ऊठ ना रं. मना मारायचा हाय तुला.”

मंडप हसला. गेल्या वर्षीपेक्षा जास्त हसला.

मैनावहिनी उठल्या. त्या सरळ पेटी घेऊन निघतील असे मी समजलो. पण त्यांनी भाविकांसाठी ठेवलेला पाण्याचा हंडा उचलला, पायऱ्या चढल्या, असुरास कोपराने बाजूस सारले आणि हंडा पतीच्या मस्तकावर उपडा केला.

“बाईंनी काय सांगितलेला?” त्या म्हणाल्या. “कातडी वली पायजे. चिखल वला नसतो, पानी वला असतो. डोळं उघडा आता.”

मिठाचा थर विरघळून वाहू लागला. हिरामणभाऊंनी डोळे उघडले, एक हात मोकळा केला, आणि नटाच्या धर्मास जागून त्याच हाताने असुरास थोबाडीत दिली. पुंडलिक कृतज्ञतेने कोसळले. मंडप अजून हसत होता, परंतु आता उभा राहून हसत होता, आणि कोणीतरी ‘वहिनी, आणखी एक हंडा’ असे ओरडले. वहिनींनी पदर सावरून मंडपास नमस्कार केला. तो त्यांना कोणी शिकविला नव्हता.

प्राध्यापकांनी निकालात म्हटले की, या मंडळींनी विज्ञान सिद्ध केले, नाटक मात्र सिद्ध झाले नाही. पहिले बक्षीस वाघास गेले. आम्हास उत्तेजनार्थ एक समई मिळाली.

परतीच्या गाडीत हिरामणभाऊ टॉवेल गुंडाळून बसले होते. रंगाची पेटी त्यांनी स्वतःच उचलून पत्नीच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, “हसले ते. बुडव.”

मैनावहिनींनी पेटी उघडून पाहिली. आतला लाल रंग बोटाने कालवला आणि हुंगला.

“तुमच्यावर हसले,” त्या म्हणाल्या. “मना टाळ्या दिल्या.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारणा केली की पुढच्या नाटकात बाईचे काम आहे काय, आणि ते किती मोठे आहे. पेटी त्यांनी मांडीवर घेतली, ती कासू येईपर्यंत खाली ठेवली नाही. हिरामणभाऊ खिडकीकडे तोंड करून बसले. ते रडत होते की डोळ्यांतले मीठ निघत होते, हे मी पुसले नाही.

एवढे कथन शांतपणे वाचल्याबद्दल आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या कातड्या ओल्या राहोत.

आपला नम्र,
जगन धर्मा म्हात्रे
कासू, तालुका पेण