आमेनपर्यंत थांबलेलं डुक्कर

मामाने रानडुक्कर मारलं नाही. हे एकदा सांगून झालं, आता आपण कुणीच ते ऐकलेलं नाही. डुकराचं काय होणार, या काळजीतच पुढे वाचावं.

माझा मामा साबणाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि सुट्टीच्या दिवशी शिकारी. शिकारी म्हणून त्याला एकच खोड आहे. गोळी झाडण्याआधी तो प्रार्थना म्हणतो, तीही मोठ्याने.

"जेवताना आभार मानून काय उपयोग? ताटातल्याला कान नसतात," तो म्हणतो. "ज्याचा जीव घ्यायचा, त्याच्यादेखत देवाकडे मागावा."

प्रार्थनेत आधी देवाचे आभार, मग जनावराच्या घरच्यांबद्दल दिलगिरी, मग कारखान्यातले सगळे आणि शेवटी मामीचा उजवा गुडघा. बहुतेक जनावरं गुडघा यायच्या आतच पसार होतात.

"ससे यांना घाबरत नाहीत," मामी म्हणते, "कंटाळतात."

हसायचं तेवढं हसून घ्या. एकदा एक हरीण थांबलं होतं. गोळी मांडीत लागली आणि ते लंगडत टेकडीपलीकडे गेलं. मामा कामावर दांडी मारून, काट्याकुट्यातून, दुसऱ्या दुपारपर्यंत त्याच्यामागे चालला. त्याला शोधलं, त्याच्या वेदना संपवल्या आणि खांद्यावर टाकून थेट चर्चच्या जेवणघरात आणलं. तिथे भुकेल्यांना रोज फुकट जेवण मिळतं. त्या दिवशी हाडांचंसुद्धा सूप झालं. मामा मात्र न जेवता घरी आला. इतका दणकट माणूस मी पाहिलेला नाही, आणि आमच्या शेजारी वेटलिफ्टर राहतो.

तर या जेवणघराचे बटाटे चर्चमागच्या वाफ्यांत पिकतात. यंदा एक रानडुक्कर येऊन ते उकरू लागलं. बटाटे संपले की जेवणघर बंद. पास्टरनी मामाला बोलावून घेतलं.

"रविवारपर्यंत बंदोबस्त करा. नाहीतर कमिटी हौशी शिकाऱ्यांच्या क्लबला सांगणार आहे."

क्लबवाले जीपमधून येतात, चहूबाजूंनी गोळ्या घालतात आणि फोटो नीट आला की तडफडणारं जनावर तिथेच टाकून जातात. मामाचा चेहरा उतरला.

"मनाला लावून घेऊ नका," पास्टर म्हणाले. "देवाने माणसाला प्राण्यांवर अधिकार दिलाय."

"दिलाय ना. मला कारखान्यात अख्ख्या पाळीवर अधिकार दिलाय. मी कुणाला गोळ्या घालत नाही."

"कधी वाटत नाही?"

"रोज वाटतं. म्हणून तर दर रविवारी येतो."

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं वाफ्यांजवळच्या झाडावर, मामाच्या मचाणावर बसलो. डुक्कर आलं. मामाने बंदूक रोखली आणि सुरू झाला. डुकराने मान वर केली. आभार झाले, दिलगिरी झाली, कारखाना झाला. ते हललं नाही. गुडघा झाला, तरी ते उभंच. मामाला पुढे काय म्हणावं सुचेना, म्हणून त्याने मामीचा डावा गुडघाही घेतला.

"आमेन," मामा म्हणाला.

मी कानांत बोटं घातली. काहीच वाजलं नाही.

"मार ना, मामा! उद्या क्लबवाले येतील."

"जेवणघराच्या दारावर काय लिहिलंय?"

तिथे पास्टरनीच लावलेली पाटी आहे: 'प्रार्थना संपेपर्यंत थांबणाऱ्यास जेवण मिळेल.'

"अरे, ते माणसांसाठी आहे!"

"तसं लिहिलेलं नाही." मामाने गोळी काढून खिशात टाकली. "पोटासाठी असतं तर मारलं असतं रे. पण मला इथे पाठवलंय ते आपल्याला कुंपण घालायचा कंटाळा आला म्हणून. कंटाळ्यापायी देवाकडे जीव कोणत्या तोंडाने मागू?"

मग तो खाली उतरला आणि ज्या मचाणावरून इतकी वर्षं शिकार केली, तेच उचकटू लागला. रविवारच्या उपासनेच्या आत त्या फळ्यांचं कुंपण वाफ्यांभोवती उभं राहिलं. शेवटी थोडी फट उरली, तेव्हा मामाने घरचं दार काढून आणलं. मी बटाट्यांच्या सालींची बादली कुंपणाबाहेर ओतून आलो.

"दार कुठाय?" मामीने विचारलं.

मामाने सगळी हकीकत सांगितली.

"माझ्या दोन्ही गुडघ्यांना थांबलं?" मामी म्हणाली. "तुमचा धाकटा भाऊ तर प्रार्थनेत एकाही गुडघ्याला थांबत नाही. राहू दे दार तिकडेच."

पास्टरनी कुंपण गदागदा हलवून पाहिलं. ते हललं नाही. मग माझ्याकडून सगळं ऐकून त्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली आणि क्लबवाल्यांना फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. त्या दिवशीचं प्रवचन अधिकारावर ठरलं होतं. ते बोलले राखणीवर. मामा शेवटच्या बाकावर, हातात हातोडी तशीच, गाढ झोपला होता. त्याला कुणीही उठवलं नाही.

मी घरी येऊन अर्ज लिहिला:

मा. चर्च कमिटी यांस,
सदर रानडुक्कर शनिवारच्या प्रार्थनेस आमेनपर्यंत शिस्तीने हजर होते. तरी त्यास मंडळीचे रीतसर सभासद करून घ्यावे, शेवटच्या बाकाजवळ त्याची जागा राखून ठेवावी, आणि प्रार्थनेतून मध्येच उठून जाणाऱ्या आमच्या धाकट्या मामांस त्याच्या हाताखाली प्रशिक्षणासाठी पाठवावे, ही नम्र विनंती.