नितेशची दरी

“बर्फ असं पुढे येतं,” सानिका म्हणाली आणि तळहाताच्या कडेने तिने किनाऱ्यावरची ओली वाळू ढकलत नेली. हातापुढे लहानसा बांध उभा राहिला. मग तिने हात मागे घेतला. “बर्फ वितळून मागे सरलं, तरी दगडमातीचा बांध तिथेच राहतो. हजारो वर्षं. नितेश तेच शोधायचा, काकू.”

यमुनाबाई उकिडव्या बसून बघत होत्या. लेक हिमालयात काय करतो असं बुरोंडीत कोणी विचारलं, की ‘दगड तपासतो’ एवढंच त्यांना सांगता यायचं. देवरूखची ही मुलगी त्याच्याबरोबर संशोधन करत होती. सून म्हणून घरात यायची होती. दोन वर्षांपूर्वी नितेश हिमनदीच्या भेगेत पडला. शोधायला गेलेली माणसं हात हलवत परतली. राहिलेलं काम सानिकाने एकटीने पुरं केलं आणि आज ते सांगायला ती आली होती.

तिने हात पुन्हा पुढे नेला. जुना बांध अर्धा मोडला, त्याच्यावर नवी वाळू चढली.

“सगळे म्हणायचे, त्या दरीतलं बर्फ मागे सरलं ते कायमचंच. नितेशला जुन्या बांधावर नवा चढलेला दिसला. म्हणजे बर्फ मागे जाऊन पुन्हा आलं होतं. त्याचंच खरं निघालं.”

नितेशचे वडील गंगाराम होडीला टेकून उभे होते. जन्म समुद्रावर गेलेला माणूस. ते हळूच म्हणाले, “दर्या बुडालेल्याला ठेवीत नाय गो. आज ना उद्या किनाऱ्याला आणून देतो. बर्फाचं कसं?”

सानिकाचा हात थबकला.

“देतं, काका. बर्फ उतारावरून हळूहळू सरकत असतं. वर पडलेलं कधीतरी खालच्या टोकाशी निघतं.”

“कवा?”

“साठ वर्षं. जास्तही लागतील.”

देह मिळाला नाही म्हणून यमुनाबाईंनी लेकाचे दिवस करू दिले नव्हते. फाटक वाजलं की अजून त्या हातातलं काम टाकून दाराशी जायच्या.

“तवा तो कसा असंल?” त्यांनी विचारलं.

“होता तसाच, काकू...”

“तसाच. नि तू म्हातारी.”

सानिका हुंदके देऊ लागली. यमुनाबाईंनी तिचे वाळूने भरलेले हात ओढून घेतले आणि पदराने एकेक बोट पुसलं.

“लगीन कर, बाय. त्याच्या नावानं बसून राहू नको. पण तुझ्या पोरांना सांगून ठेव, कुठली दरी, कुठलं टोक. वळखणारं कोणतरी लागंल तिथं.”

सानिकाने मान हलवली.

मग यमुनाबाई नवऱ्याकडे वळल्या. “भटजींना सांगून या. दिवस करून टाकू त्याचे.”

गंगारामांनी टोपी काढून तोंड पुसलं, ती पुन्हा नीट डोक्यावर बसवली आणि ते भटजींच्या आळीच्या वाटेला लागले.