आजोबांचा डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. उजवा कायम शेजारी असतो, पण तो अबोल. नागासाकीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने आम्हाला जाड दोऱ्याने शिवलं आणि तोकुजी आजोबांनी वर्षानुवर्षं गोदीत, चढांवर, पायऱ्यांवर चालवलं. रोज पॉलिश व्हायचं. पुढे आजोबा विसरायला लागले. आधी पॉलिश, मग नावं.

परवा त्यांची सून मायुमी म्हणाली, आज सगळ्यांनी मिळून पायी शहर हिंडायचं. नात चिहाया सोळाची, नातू ताकुतो चौदाचा. पहिल्याच चढावर दोघांची तोंडं वाकडी.

"आई, जगात ट्राम नावाची वस्तू असते!"

"आजोबा बघ. कुरकुर आहे का?"

"दमलोय हे त्यांच्या लक्षातच राहत नसेल," ताकुतो म्हणाला. चिहाया खिदळली. मायुमीने डोळे वटारले, पण हसू तिलाही आलंच.

तिघं पुढे गेली. एका बोळाशी आजोबा थबकले आणि आत वळले. मी टाच घासून पाहिली. बुटाला जीभ असते, आवाज नसतो.

बोळाच्या टोकाला त्यांचं जन्मघर होतं. आता तिथे दाराची दगडी पायरी आणि पुरुषभर गवत. शेजारचा कठडा तुटलेला, खाली कडा आणि समुद्र. आजोबांनी आम्हाला पायरीवर काढलं, नीट जोडून ठेवलं आणि नुसत्या मोज्यांनी ते निघून गेले.

मग हाका ऐकू आल्या. कितीतरी वेळ. आवाज बसत गेले. शेवटी मायुमी मुलांना घेऊन बोळात आली. तिने आम्हाला पाहिलं, कठडा पाहिला आणि मटकन खाली बसली. कड्याशी रिकामे बूट दिसले की आमच्याकडे माणसं एकच अर्थ काढतात: उडी मारली.

"त्यांनी ऐकलं असणार," ताकुतो हुंदके देत होता. "मी बोललो ते ऐकलं असणार!"

चिहाया आमच्यावर वाकली. "आई, चवडे बघ. रस्त्याकडे वळवलेत."

आमच्याकडे घरात शिरणारं माणूसच बूट काढून असे बाहेर तोंड करून ठेवतं. तिने गवताकडे तोंड केलं. 

"आजोबा... आत येऊ का?"

नुसता वारा. माझी शिवण उसवतेय असं वाटलं.

"या की!" गवतातून आवाज आला. "बूट काढून या हं. आईने आत्ताच झाडलंय."

आमच्याशेजारी आणखी तीन जोड आले. ताकुतोचे वेडेवाकडे पडले होते. तो परत आला आणि ते सरळ करून गेला.

मित्रांनो, मला पॉलिश नको. चालताना तेवढं मागे वळून बघत जा.