शहाण्या पोराचं बक्षीस

पुंडलिकनगरातल्या मोकळ्या प्लॉटवर मंडप पडला, तेव्हाच रत्नमालाचं डोकं फिरलं होतं. तिचा पाच वर्षांचा इंद्रजीत जिना चढला की धापा टाकायचा. "औषध नको, पोराला पळू द्या," असं डॉक्टरांनी बजावलेलं. मोबाईल काढून घेऊन, त्याची रडारड सोसून, स्वतः ओढणी कमरेला बांधून तिनं त्याला याच प्लॉटवर लंगडी शिकवली होती. आता कुठं तो आपणहून बाहेर धूम ठोकायला लागला होता. आणि नेमका लंगडीच्या रिंगणात तात्यासाहेबांनी मंडपाचा खांब रोवला. कार्यक्रम कसला, तर म्हणे 'खेळेल बालक, घडेल देश'.

पाहुणे उगवले ते ऊन डोक्यावर आल्यावर. तोवर पोरं सतरंजीवर शिजत बसलेली. मग शाली, नारळ, हार. ज्यानं हार घातला त्यालाही हार. तात्यासाहेब म्हणजे कॉलनीचे स्वयंघोषित पुढारी. टेबलाला पोट टेकवून ते माईकवर म्हणाले, "आजकालची पोरं पळतच नायत. लई वाईट वाटतं."

तेवढ्यात इंद्रजीत उठला आणि खांबाला वळसा घालून पळत सुटला.

"ए, बस खाली. हाताची घडी, तोंडावर बोट," तात्यासाहेब माईकवरूनच डाफरले.

सगळ्या पोरांनी बोटं ओठांवर ठेवली. इंद्रजीतनंही. रत्नमाला त्याला न्यायला उठली, तर शेजारच्या मुक्ताबाईंनी हात धरून खाली ओढलं. "पाहुण्यांसमोर तमाशा नको, बाई." ती चरफडत बसली.

शेवटी तात्यासाहेबांनी चॉकलेटचा डबा उंचावला. "एकदा सांगितलं अन् कसा गुमान बसला बघा! सगळ्यात शहाणं लेकरू." डबा इंद्रजीतच्या हातात पडला. टाळ्या वाजल्या. घरी सासूबाईंनी नातवाची दृष्ट काढली. ते कौतुक बघून रत्नमालाला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मंडप गेला, खांबाचा खड्डा मागं राहिला. तिनंच माती लोटून तो बुजवला आणि काठीनं पुन्हा रिंगण आखलं.

"चल इंद्रजीत, माझ्यावर राज्य."

तो प्लॉटच्या कडेला मांडी घालून बसला होता. हाताची घडी, तोंडावर बोट.

"अरे, पळ की."

त्यानं बोट जरासं बाजूला केलं. "मम्मी, पळल्यावर बक्षीस देत नायत," तो म्हणाला, आणि बोट पुन्हा ओठांवर ठेवलं.