भोंग्याचा बोर्ड

माणसाचं नाव एकदा बाजाराने ठेवलं की घरच्यांनी ठेवलेलं नुसतं कागदावर उरतं. थोरल्याचं तसंच झालं. जुन्या फर्निचरचे, बंद पडलेल्या दुकानांतल्या मालाचे लिलाव पुकारणं हा त्याचा धंदा. गोदामाच्या या टोकाला उभा राहून त्याने बोली पुकारली की त्या टोकाच्या कपाटाची काच थरथरायची, म्हणून भोंगा. बायकोही रागावली की भोंगाच म्हणायची, फक्त आधी 'अहो' लावून. मर्यादा पाळणारी बाई.

आणि नेमका त्याचाच आवाज गेला. देव देताना विचारत नाही आणि नेताना तर दार वाजवायचेही कष्ट घेत नाही. आजार असा होता की भाडेकरूने एकेक खोली रिकामी करत जावं तसे स्नायू अंग सोडून चालले. आधी हात, मग पाय, मग जीभ. पापण्यासुद्धा हुकमात राहिल्या नाहीत. आपल्या मर्जीने मिटायच्या, आपल्या मर्जीने उघडायच्या. उरला डावा गाल. डॉक्टर म्हणाले, "हाही जाईल. केव्हा ते सांगता येत नाही. बोलायचं असेल ते बोलून घ्या." ज्याला बोलताच येत नव्हतं त्याच्या खाटेशी उभं राहून हे सांगितलं. हुशार माणसांना कधीकधी कुणीतरी कोपराने ढोसायला हवं.

धाकटा भाऊ वजनकाट्यांच्या कारखान्यात सर्किटं तपासायचा. भोंगा त्याला 'मुका' म्हणायचा, कारण हा दिवसभरात जेवढं बोले तेवढं भोंगा एका श्वासात बोलून मोकळा होई. आता मुक्याने भोंग्याला आवाज द्यायचं मनावर घेतलं.

त्याने मदरबोर्डचा एक डेव्हलपमेंट किट आणला. किट म्हणजे काय, तर हाताच्या पंजापेक्षा थोडा मोठा हिरवा बोर्ड, दोन केबल, वीज देणारा डबा आणि एक जाड पुस्तिका. नवं यंत्र बनवू पाहणाऱ्यांनी आधी अशा बोर्डावर प्रयोग करायचे आणि जमलं की पुढे आपला स्वतःचा बोर्ड तयार करायचा, अशी त्या धंद्याची रीत. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक छापलं होतं: हा संच फक्त प्रयोगासाठी आहे, ज्यावर कुणाचा जीव अवलंबून असेल अशा कामी वापरू नये.

"भाऊजी, हे वाचलंत का?" वहिनीने विचारलं.

"वाचलं. जीव कुठे अवलंबून आहे वहिनी, नुसतं बोलणं आहे."

"यांच्या बाबतीत दोन्ही एकच," वहिनी म्हणाली.

साध्या कॉम्प्युटरला गालाची इतकी बारीक हालचाल कळत नव्हती. या बोर्डाच्या कडेला पिनांची एक रांग होती. वहिनी तिला कंगवा म्हणे. त्या कंगव्यातून एक तार निघून गालाचा इशारा मोठा करून देणाऱ्या एका चिमुकल्या पाटीवर जायची आणि त्या पाटीवरून दुसरी तार भोंग्याच्या गालावरच्या चिकटपट्टीपर्यंत. पडद्याच्या तळाशी एक हिरवी रेघ सरपटत असायची आणि वर एकेक अक्षर उजळत जायचं. हवं ते अक्षर आलं की भोंग्याने गाल हलवायचा, रेघ उसळायची, अक्षर पक्कं व्हायचं. रेघ कुठे खरी उसळली आणि कुठे नुसती थरथरली, हे यंत्राला शिकवण्यात धाकट्याचे कित्येक महिने गेले. मधली पाटी बोर्डावर हलू नये म्हणून त्याने ती कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत दुहेरी टेपने घट्ट बसवली. काम नीटनेटकं. कारखान्यात त्याच्या हाताला सगळे मानायचे.

एका दुपारी यंत्र पहिल्यांदा बोललं. सूचना वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या कोरड्या आवाजात ते म्हणालं, "पंखा कमी कर गाढवा."

धाकट्याला इतका आनंद झाला की पंखा कमी करायचं तो विसरला. वहिनी हसली. मग काहीतरी गॅसवर असल्यासारखी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. गॅसवर काही नव्हतं.

पुढच्या दिवसांत भोंग्याने आपली जुनी थकबाकी वसूल केली. वरणात मीठ कमी, उशी उंच, शेजारी अजून कर्ज बुडवतोय का, तू माझा निळा शर्ट का दिलास. एका वाक्याला अख्खी सकाळ लागे, तरी त्यातली निम्मी वाक्यं तक्रारीचीच. "दोन वर्षं घरात शांतता होती," वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "तुमच्या मुक्याने घात केला." सांगताना तोंडावरून हात फिरवून हसू पुसायची. एकदा मात्र यंत्र म्हणालं, "तू दमतेस. बस जरा." तेव्हा ती मुकाट्याने खाटेच्या कडेला बसली, आणि हा किस्सा तिने कुणालाच सांगितला नाही.

त्यातच बोर्ड गोठायला लागला. वाक्य अर्ध्यावर असताना पडदा जागच्या जागी थिजायचा. बंद करून पुन्हा सुरू करावा लागे, पट्टी गालाशी नव्याने जुळवावी लागे, आणि तोवर गाल दमून जायचा. अक्षरं जपून ठेवायची सोय धाकट्याने केली होती. गालाची ताकद जपून ठेवायची सोय कुणाकडेच नव्हती.

किटबरोबर मदतीचे सगळे मार्ग दिलेले होते, असं पुस्तिका म्हणायची. वेबसाइटवर नेहमीचे प्रश्न होते. त्यात याचा प्रश्न नव्हता. वापरणाऱ्यांचा चर्चामंच होता. तिथे कुणीतरी नेमकी हीच तक्रार केली होती आणि खाली तिघांनी 'मलाही' एवढंच लिहिलं होतं. दुःख वाटून घेतल्याने हलकं होतं म्हणतात. तिथे ते नुसतं लांबलचक झालं होतं. शेवटी फोन. पलीकडे मदतकक्षातल्या एक बाई होत्या. आवाज गोड, आणि गोडव्याचा पगार मिळत असूनही मनापासूनचा वाटावा असा.

"सर, बायॉस कोणता आहे?"

बायॉस म्हणजे बोर्डाला झोपेतून उठवणारी, त्याच्याच एका चिपमध्ये लिहिलेली पहिली आज्ञावली. धाकट्याने जुना आकडा सांगितला.

"आधी नवा टाका, सर. त्याशिवाय मला तक्रार नोंदवता येत नाही. नव्या बायॉसमध्ये गोठण्याचा दोष काढलाय."

"नक्की?"

"तसं लिहिलंय, सर."

त्या संध्याकाळी खाटेभोवती बैठक बसली. वहिनी ठाम होती. "चालत्या गाडीला खीळ घालू नका, भाऊजी. दहातली सात वाक्यं येतात ना? सात पुरेत. लग्नाच्या वेळी एवढंच बोलले असते तर मी नवस फेडला असता."

"वहिनी, गोठणं वाढत चाललंय. आणि गाल..." धाकटा थांबला.

"गाल काय? बोला ना. ते ऐकतायत, बहिरे नाही झालेले."

भोंग्याची रेघ उसळायला लागली. दोघं पडद्याकडे बघत राहिले. दिवा लावायची वेळ टळून गेली. दैवयोगाने त्या संध्याकाळी बोर्ड गोठला नाही, आणि यंत्र कोरड्या आवाजात म्हणालं, "बोली अर्धी सोडत नाहीत. कर."

"झालं! दोघे भाऊ एक झाले," वहिनी म्हणाली. "मी परक्या घरची."

रविवारी सकाळी धाकट्याने नव्या बायॉसची फाइल उतरवली. बोर्डाचं नाव दोनदा ताडून पाहिलं. वीज जाऊ नये म्हणून बॅटरी जोडली. टक्के चढत गेले, पूर्ण भरले, पडदा काळा झाला. पुन्हा उजळेल म्हणून तिघंही वाट बघत राहिले. बोर्डावरचा एक लाल दिवा लागला होता, तो तेवढा लागलेला राहिला. पुस्तिकेत सांगितलेला सुटकेचा जंपर, म्हणजे दोन पिनांवर बसणारी ती टोपी, त्याने काढून दुसऱ्या पिनांवर घातली. पुन्हा घातली. काळं ते काळंच.

"सर," दुसऱ्या दिवशी फोनवर बाई म्हणाल्या, "बोर्डाच्या कोपऱ्यात एक अक्षर छापलंय. कोणतं आहे?"

कोपऱ्यात त्याचीच पाटी होती. टेप इतका छान बसला होता की सुरीने खरवडावा लागला. खाली पांढरं, मोहरीएवढं अक्षर होतं.

"बी."

पलीकडे थोडा वेळ नुसत्या कळा दाबल्याचे आवाज आले. "सर, ही फाइल सी आवृत्तीसाठी आहे."

"पण बोर्डाचं नाव तर एकच आहे! तसं कुठे लिहिलेलं नव्हतं!"

"लिहिलंय, सर. पुस्तिकेच्या शेवटी तांत्रिक शब्दांचे अर्थ दिलेत ना, त्यात 'आवृत्ती' या शब्दाखाली. दोन आवृत्त्यांचे बायॉस एकमेकांत चालत नाहीत."

धाकट्याने ती पानं कधी उघडलीच नव्हती. आवृत्तीचा अर्थ त्याला ठाऊक होता. शिकलेला माणूस ठाऊक असलेल्या शब्दाचा अर्थ कशाला बघायला जाईल?

"मी चिप काढून पुन्हा लिहितो. मला येतं."

"नाही, सर. प्रत्येक बोर्डाची खूण त्या चिपमध्ये असते, ती इथेच लिहावी लागते. तुम्ही हात लावलात तर आम्ही घेणार नाही. पाठवून द्या. आणि सर... दुकानात शोधू नका, हा संच आता येत नाही." त्या घुटमळल्या. "कुणासाठी बनवलंय, सर?"

त्याने सांगितलं.

"मी लवकर करायला सांगते," त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितलंही असावं. पण सांगणं एका खोलीत होतं आणि करणं दुसरीत, आणि मधलं दार कुणाकडून उघडतं ते त्या बाईंनाही माहीत नसावं. पार्सल पोचलं. तक्रारीला क्रमांक मिळाला. क्रमांकाने काय, तो मिळाला की माणसाला रांगेत असल्याचा धीर येतो. मग 'तपासणी सुरू आहे' असं आलं. आठवडे गेले तरी तेच.

घरात वहिनीने धाकट्याला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नवऱ्याशी मात्र पूर्वीसारखी भांडत राहिली. त्याचं म्हणणंही तीच म्हणायची आणि उत्तरही तीच द्यायची. "मीठ कमी म्हणता? नाहीये कमी. जास्त म्हणता? बरं, असेल." सकाळी दाढी करताना ती डावा गाल जरा जास्त वेळ पुसायची आणि बोट तिथेच ठेवायची. बोटाला काय जाणवतंय हे तिने सांगितलं नाही आणि धाकट्याने विचारलं नाही.

थंडी सरता सरता बोर्ड परत आला. सोबत चिठ्ठी: दुरुस्त केला, तपासला, व्यवस्थित. धाकट्याने पाटी पुन्हा बसवली, कोपरा मोकळा ठेवून. पडदा उजळला. अक्षरं पूर्वीसारखी एकामागून एक उजळू लागली, एकदाही अडली नाहीत. भोंग्याच्या गालावर पट्टी लागली.

"दादा, कर सुरू. शिवी दे मला."

रेघ सरळ गेली. अक्षरांचा एक फेरा झाला, दुसरा झाला. धाकट्याने तार हलवून पाहिली, यंत्राची संवेदना वाढवली, आणखी वाढवली. रेघेवर शेवटी पंख्याची थरथर दिसायला लागली, इतकी वाढवली.

"बिघडलेलाच पाठवलाय," तो म्हणाला. "पाटीच्या जोडात दोष आहे, वहिनी. चिठ्ठ्या लिहितात नुसत्या. मी आत्ता त्या बाईंना फोन करतो."

वहिनी पुढे आली. तिने नवऱ्याच्या गालावरची पट्टी अलगद सोडवली आणि आपल्या गालाला लावली. पडद्याकडे बघत तिने गाल किंचित हलवला. रेघ पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत उसळली.

धाकट्याने फोन टेबलावर ठेवला.

वहिनीने पट्टी काढली, पदराने पुसली आणि भोंग्याच्या डाव्या गालावर होती तिथेच पुन्हा नीट दाबून बसवली. मग खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.

"बंद करू का, वहिनी?"

"नको," ती म्हणाली. "अक्षरांचा काय दोष आहे. चालू द्या."

अक्षरं एकामागून एक उजळत राहिली.