वेगळा कप

वर्खाच्या खोलीत वारा शिरला की सोनं उडतं, ही त्या कारखान्यातली पहिली शिकवण. सोन्याचं पान इतकं पातळ की जवळ बसलेल्यानं जोरात हसावं आणि ते छताला जाऊन चिकटावं. म्हणून खोलीत पंखा नाही, दार कायम ओढलेलं, आणि एकुलत्या एका खिडकीच्या फटींवर मामानं स्वतःच्या हातानं कागदाच्या पट्ट्या डकवलेल्या. अकरा वर्षं ती खिडकी उघडली नव्हती. बाहेरच्या खोलीत आरशांच्या चौकटी ठोकणारा सुतार म्हणायचा, आत जायचं म्हणजे डब्यात बसून वरून झाकण लावून घ्यायचं. पण दुपारचं जेवण आटोपलं की गप्पा मारायला तोही त्याच डब्यात येऊन बसायचा.

मामाला सगळेच मामा म्हणत, त्याला कारण भिंगरी. भिंगरी त्याच्या बहिणीची मुलगी. बहीण क्षयानं गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. त्यांनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. एका जागी म्हणून बसायची नाही, त्यावरून भिंगरी हे नाव पडलं. तीच भिंगरी आता एकविसाव्या वर्षी मामाच्या शेजारी बाकावर तासन्‌तास हलत नसे, याचं मामाला कोण कौतुक!

कामच तसं होतं. चौकटीवर तांबड्या मातीचा लेप द्यायचा, तो सुकू द्यायचा. मग लेपाशी तोंड नेऊन छातीतली गरम वाफ सोडायची, सावकाश, थुंकीचा थेंबही न उडवता. लेप जरासा ओलावतो, आणि नेमक्या त्या क्षणाला दुसऱ्यानं रुंद कुंचल्यावर उचललेलं सोन्याचं पान त्यावर सोडायचं. क्षण हुकला की पान वाया. एकानं वाफ द्यायची, दुसऱ्यानं पान सोडायचं, त्यामुळे मामा-भाची दिवसभर डोक्याला डोकं लावून बसलेली असत. इतकी नाजूक वाफ पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला जमत नाही, असं मामा स्वतःच सांगायचा. आपली पाठ आपणच थोपटायची त्याला खोड होती, पण या बाबतीत ते खरंही होतं.

खोकला लागला तेव्हा तो म्हणाला, धुळीचा आहे. महिना गेला, दोन गेले, विजार कमरेवरून घसरायला लागली, तरी धुळीचाच. शेवटी मामीनं हाताला धरून दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली आणि निघाला क्षय.

तिथली नर्स चांगली होती. तिनं समजावून सांगितलं की आता पूर्वीसारखं राहिलं नाही, सहा महिने गोळ्या न चुकता घेतल्या की माणूस खडखडीत बरा होतो. मग तिनं वही उघडली. घरात कोण कोण? मी आणि बायको, मामा म्हणाला. कामावर शेजारी कोण बसतं? कुणी नाही, मी एकटाच काम करतो. मामी बाजूला बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिची तिथल्या तिथे तपासणी झाली, ती ठणठणीत निघाली, आणि भिंगरीचं नाव काही वहीत गेलं नाही.

आता याला काय म्हणावं! माणूस काही वाईट नव्हता. पण बहिणीच्या वेळचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. शेजारीपाजारी येईनासे झाले होते, रस्त्यात लोक तोंड फिरवायचे, आणि ज्याच्याकडे तो तेव्हा कामाला होता त्यानं दुसऱ्याच दिवशी येऊ नको म्हणून निरोप धाडला होता. हे कळलं की सुतार पळेल, कारखान्याचा मालक बाक काढून घेईल, काम जाईल. आणि भिंगरी? जिची आई याच दुखण्यानं गेली, तिला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. मामी रोज म्हणायची, अहो, पोरीला सांगा, तिला तपासून आणा. तो म्हणायचा, मी सगळी काळजी घेतोय ना.

आणि घेत होताच, अगदी डोळ्यांत तेल घालून. बहिणीच्या वेळी आईनं केलं होतं तेच त्यानं केलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा. कारखान्यात चहाचा कप वेगळा. निळ्या काठाचा, तो स्वतः धुवायचा आणि उंच फळीवर ठेवायचा. भिंगरीला लहानपणापासून मामाच्या कपातला उरलेला घोट लागायचा. एकदा तिनं सवयीनं कप उचलला तर तो अंगावर ओरडला, हात लावायचा नाही म्हणून. पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिनं मामीला विचारलं, माझं काही चुकलं का? मामी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली.

कप असा सोवळ्यात, आणि पाच मिनिटांनी तोच मामा दार ओढून, बंद खिडकीच्या खोलीत, भिंगरीच्या डोक्याला डोकं लावून वाफ द्यायला बसायचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. तोंडाला फडकं बांधायचं त्याच्या मनात आलंही होतं, नर्सनं सांगितलंच होतं तसं. पण फडक्यातून वाफ कशी द्यायची? आणि खिडकी उघडायची तर सोन्याचं काय? रोजचाच धंदा तो, त्यात धोका असेल असं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

गोळ्यांनी गुण आला. महिन्याभरात खोकला थांबला, भूक लागायला लागली. तिसऱ्या महिन्यात सुतार चेष्टेनं म्हणाला की मामा बाळसं धरतोय. मामा खूश झाला. कुणाला कळलं नाही, कुणाला काही झालं नाही, वेळ निभावली असं त्यानं मनाशी धरलं.

एक दिवस वाफ द्यायची पाळी भिंगरीची होती. मामा कुंचल्यावर पान उचलून तयार बसला. तिनं तोंड लेपाशी नेलं, श्वास सोडला, आणि मध्येच ठसका लागून वाफ तुटली. पान चुरगळून पडलं. दुसरं उचललं, तेही गेलं. तिसऱ्याला मामा भडकला, लक्ष कुठे आहे म्हणून तिला फाडफाड बोलला.

"खोकला आहे रे मामा," ती म्हणाली. "पंधरा-वीस दिवस झाले. धुळीचा असेल."

मामानं हातातला कुंचला खाली ठेवला. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या मनगटावरचं घड्याळ सैल होऊन पार कोपराकडे सरकलं होतं. इतके दिवस शेजारी बसून हे आपल्याला दिसलं कसं नाही, तेच त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच दवाखान्यात गेला आणि नर्सशी भांडायलाच उभा राहिला. कप वेगळा ठेवला, ताट वेगळं ठेवलं, टॉवेलसुद्धा वेगळा, मग माझ्या भाचीला खोकला कसा? नर्स आधी गोंधळली; भाची हा शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं एकेक करून सगळं काढून घेतलं. भाची घरातच असते, शेजारी बसते, खोली बंद असते, खिडकीला कागद आहे. तिनं पेन खाली ठेवलं.

"काका, हा रोग कपातून जात नाही, हवेतून जातो," ती म्हणाली. "खोकताना, बोलताना जे बाहेर पडतं ते बंद खोलीत तरंगत राहतं. तुम्ही दोन-अडीच महिने औषधाशिवाय खोकत होतात आणि ती तीच हवा घेत होती. पहिल्या दिवशी तिचं नाव सांगितलं असतंत, तर तेव्हाच तपासलं असतं. कदाचित आजार व्हायच्या आधीच गोळ्या देता आल्या असत्या."

कदाचित हा शब्द तिनं त्याच्यासाठी घातला होता, हे मामाला कळलं.

तो कारखान्यात आला. सुताराच्या बाकावरची पटाशी उचलली, वर्खाच्या खोलीत शिरला आणि खिडकीच्या पट्ट्या टराटरा फाडायला लागला. सुतार धावत आला, अरे मामा, पानं उघडी आहेत! मामानं ऐकलं नाही. अकरा वर्षांची गंजलेली कडी ठोकून काढली आणि दोन्ही दारं बाहेर ढकलली. वारा आत आला, बाकावरची पानं उठली, भिंतींना, छताला, भिंगरीच्या केसांना जाऊन चिकटली. ती तशीच हातात कुंचला धरून बघत राहिली.

मग त्यानं सांगितलं, दोघांच्यादेखत, काहीही न लपवता. क्षय, गोळ्या, नर्सची वही, त्यात सांगितलेलं खोटं. सुतार दाराकडे मागे सरकला. त्यालाही घरी दोन मुलं होती.

भिंगरीनं कुंचला बाकावर ठेवला.

"मला वाटायचं, मी तुला नकोशी झालेय," ती म्हणाली. "कपाला हात लावू देत नव्हतास. मग मला जवळ का बसू दिलंस, मामा?"

 मामा हुंदके देऊन रडला.

त्याच दिवशी तिघं दवाखान्यात गेली. सुतार आजारी नव्हता, पण जंतू अंगात शिरला होता. तो जागा होऊ नये म्हणून त्याला गोळ्या सुरू झाल्या, खात्रीसाठी मुलांनाही तपासणीला बोलावलं. तो मामाशी कामापुरतंच बोलायला लागला. भिंगरीच्या थुंकीत क्षय निघाला. बरी होणार, नर्सनं पुन्हा पुन्हा सांगितलं, वेळेत आलीस, आईसारखं होणार नाही. भिंगरीनं मान हलवली आणि गोळ्यांचं पाकीट ओढणीत बांधून घेतलं.

खिडकी आता उघडीच असते. वर्ख लावायच्या वेळेपुरती ओढून घेतात आणि लगेच पुन्हा उघडतात. पानं पूर्वीपेक्षा जास्त वाया जातात, मालक कुरकुरतो. भिंगरी महिनाभर घरीच होती. परत आली त्या दिवशी मामानं चहा केला. निळ्या काठाचा कप फळीवरून काढला, अर्धा चहा प्यायला आणि पूर्वीसारखा तिच्यापुढे धरला.

"घे. यानं काही होत नाही, सिस्टरनं सांगितलंय."

"माहीत आहे," भिंगरी म्हणाली.

तिनं पिशवीतून घरून आणलेला स्वतःचा कप काढला, किटलीतला चहा त्यात ओतून घेतला आणि खिडकीपाशी जाऊन, बाहेर तोंड करून प्यायला लागली.